निकालाचे आकडे आणि पटावरची मुले

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मे-जूनमध्ये दहावीचा निकाल लागतो आणि त्या दिवशी गावातील प्रत्येक शाळेच्या फाटकावर एक आकडा झळकतो. कोणाचा शंभर टक्के, कोणाचा अठ्ठ्याण्णव, कोणाचा ऐंशी. चहाच्या हॉटेलात, मशिदीबाहेर, बाजारात त्या आकड्यावरून शाळेची किंमत ठरते. पुढच्या आठवड्यात मुलाचा दाखला काढायचा की ठेवायचा, हेही बरेच पालक त्याच आकड्यावरून ठरवतात.

गेल्या पालकसभेत काही पालकांनी एक सूचना मांडली. आठवीत प्रवेश देताना चाचणी घ्यावी, कच्ची मुले घेऊ नयेत, म्हणजे आपल्या शाळेचाही निकाल शंभर टक्के लागेल आणि संस्थेचे नाव होईल, अशी ती सूचना होती. ती शाळेविषयीच्या आपुलकीतून आलेली आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु संस्था आता त्यावर निर्णय घेणार आहे, आणि तो निर्णय होण्यापूर्वी वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या माणसाचे म्हणणेही आपल्यासमोर यावे, असे मला वाटले. मी मराठी आणि इतिहास शिकवतो. आकडेमोड हा माझा प्रांत नव्हे. तथापि आज मला जे सांगायचे आहे, ते साध्या भागाकारात बसणारे आहे.

टक्केवारी कशाची?

प्रथम निकालाची टक्केवारी म्हणजे काय ते पाहू. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत नियमित विद्यार्थ्यांपैकी २०१८ मध्ये ८९.४१ टक्के उत्तीर्ण झाले. २०१९ मध्ये हा आकडा एकदम ७७.१० वर आला आणि २०२० मध्ये ९५.३० वर चढला. एका वर्षात महाराष्ट्राची मुले मठ्ठ झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार झाली, असे कोणी म्हणेल काय? २०१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे शाळेने द्यावयाचे २० गुण बंद केलेले होते. ते गुण पुढच्या वर्षी परत आले आणि निकालही परत वर गेला.

याहून बोलका दाखला २०२१ चा आहे. त्या वर्षी निकाल ९९.९५ टक्के लागला. मंडळाच्या इतिहासात इतका मोठा आकडा पूर्वी कधी पाहिला नव्हता. आणि त्या वर्षी करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती! मार्च २०२० पासून शाळा बहुतेक काळ बंद होत्या. मुले घरी होती, मोबाइल एक आणि भावंडे चार अशी अवस्था होती, आणि कित्येक मुलगे तेवढ्या काळात गॅरेजला, हमालीला, फळांच्या गाड्यावर लागले ते लागलेच. ज्या वर्षी मुलांचे नुकसान सर्वांत अधिक, त्याच वर्षी निकाल सर्वांत चांगला. आकड्यावर किती विसंबावे, हे यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या गावच्या शाळांकडे येऊ. समजा, ‘अ’ नावाची एक शाळा आहे. तिच्या आठवीच्या पटावर ६० मुले होती. नववीपर्यंत १२ जणांनी शाळा सोडली. नववीत ८ जण कच्चे निघाले, त्यांना ‘बाहेरून बसा’ असे सांगितले गेले. उरलेले ४० दहावीला बसले आणि ३८ पास झाले. निकाल ९५ टक्के. आता ‘ब’ शाळा घ्या. तिच्याही आठवीत ६०. तिने धडपड करून ५४ मुलांना परीक्षेपर्यंत नेले. त्यांतले ४५ पास झाले. निकाल ८३ टक्के. वर्तमानपत्रात ‘अ’ शाळेचे नाव वर येईल, हारतुरे तिला मिळतील. परंतु ६० मुलांपैकी ‘अ’ शाळेने ३८ मुले पार केली आणि ‘ब’ शाळेने ४५. पटावरच्या मुलांचा हिशेब केला तर ‘अ’ चा निकाल ६३ टक्के आणि ‘ब’ चा ७५ टक्के. ती सात मुले कोणाची? ती आपल्यापैकीच कोणाची तरी असतात.

‘बाहेरून बसा’ याचा अर्थ येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. सतरा नंबरचा फॉर्म हा मंडळाने चांगल्या हेतूने ठेवलेला दरवाजा आहे. ज्याचे शिक्षण मध्येच सुटले, जो कामाला लागला, त्याला खासगीरीत्या परीक्षा देता यावी म्हणून तो आहे. पण शिकत असलेल्या मुलालाच त्या दरवाज्याने बाहेर घालवले, की शाळेचा निकाल चकचकीत होतो आणि मूल एकटे पडते. त्याला वर्ग नाही, शिक्षक नाही, प्रात्यक्षिकाची वही तपासणारे कोणी नाही.

वर्गात कोण बसले आहे?

दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. शाळेत मुले येतात ती कोठून येतात?

आपला बीड जिल्हा अकरा तालुक्यांचा, अवर्षणाचा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ७७ टक्के होती. पुरुषांची सुमारे ८६ आणि स्त्रियांची सुमारे ६८. म्हणजे जिल्ह्यात दर तीन स्त्रियांमागे जवळपास एक निरक्षर. जिल्ह्याच्या लोकसंख्येत मुसलमान शंभरात सुमारे बारा. त्यात बागवान आहेत, मणियार आहेत, पिंजारी आहेत, कुरेशी आहेत, गवंडी, रंगारी, मिस्त्री, रिक्षावाले आहेत, आणि अर्थातच डॉक्टर, वकील, शिक्षकही आहेत. आपल्या एकाच वर्गात ही सगळी घरे शेजारी शेजारी बसतात. एकाच्या घरी बहीण बी.एस्सी. झालेली असते आणि ती रात्री गणित समजावून सांगते. त्याच्या बाकावरचा दुसरा मुलगा हा त्याच्या खानदानात दहावीपर्यंत आलेला पहिलाच. प्रश्नपत्रिका मात्र दोघांना एकच.

त्यानंतर कोयता. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्यावाचून गत्यंतर नसते. हा प्रश्न एका जातीचा वा धर्माचा नाही, आणि त्यात आपल्या समाजाचीही घरे आहेत. मूल जूनमध्ये शाळेत येते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाते आणि परीक्षेच्या तोंडावर परत येते. म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष त्याला मिळतच नाही. असे मूल गणितात मागे पडले तर त्याला ‘कच्चे’ म्हणावे की ‘गैरहजर राहावे लागलेले’ म्हणावे?

आणि मुली. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. हा राज्यातला सर्वांत खालचा आकडा होता. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण होते सुमारे २२. हे आकडे सर्व समाजांचे मिळून आहेत. तथापि त्यांत आपण नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आठवीत पहिली आलेली मुलगी नववीत दिसत नाही आणि विचारायला गेले की दारातून उत्तर येते, ‘सर, बच्ची अब बडी हो गई.’ ती नापास झालेली नसते. ती निकालात येतच नाही. आणि म्हणून कोणाच्या टक्केवारीत तिची उणीव भासत नाही.

न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. सहा ते चौदा वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती, असे त्यात नोंदले आहे. मुसलमानांची मुले मदरशातच जातात, हा समज त्याच अहवालाने खोटा ठरवला. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांपैकी मदरशात जाणारी अवघी तीन टक्के होती. आपला प्रश्न आहे तो त्या गळालेल्या चौथ्या हिश्श्याचा. शाळेत चाळणी लावली, तर सर्वांत आधी तोच हिस्सा खाली पडणार.

भाषेचा चढ

एक गोष्ट मात्र आपल्या मुलांची खास आहे, ती भाषेची. आपले मूल घरात दखनी बोलते, शाळेत पुस्तकी उर्दू शिकते, बाजारात मराठी ऐकते आणि अकरावी विज्ञानला गेले की इंग्रजीत बुडते. सातवीत तो जिला ‘कुव्वत’ म्हणतो, तिलाच मराठी वर्गातला मुलगा ‘बल’ म्हणतो आणि अकरावीत दोघांनाही ‘फोर्स’ म्हणावे लागते. ‘जियाई तालीफ’ पाठ केलेल्या मुलीला ‘फोटोसिंथेसिस’ हा जणू नवा धडा वाटतो. धडा तिला येत असतो. फक्त कुलूप बदललेले असते.

हा चढ किती अवघड असतो, हे मराठवाड्याला सांगण्याची गरज नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. त्या काळी मराठी घरातील मुलाला परक्या भाषेत इतिहास-भूगोल घोकावा लागे. तो मागे पडला तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. आज काळाची कूस पालटली आहे आणि तोच चढ आपली मुले चढत आहेत. त्या मुलाला जो न्याय आपण आज देतो, तोच न्याय आपल्या मुलांनाही द्यावा. उर्दू सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी सोयी कराव्यात, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. माझे म्हणणे इतकेच की उर्दूबरोबर मराठी पक्की हवी आणि शास्त्र-गणिताच्या इंग्रजी संज्ञा आठवीपासूनच कानांवर पडायला हव्यात.

चाळणी की शिडी?

आता चाचणीच्या सूचनेकडे वळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी करण्यास मनाई केली. अल्पसंख्याकांच्या शाळांना तो कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. आपल्यापुढचा प्रश्न कायद्याच्या अलीकडचा आहे. अनुच्छेद ३० ने आपल्याला स्वतःच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. तो हक्क समाजाच्या मुलांसाठी आहे. त्याच हक्काच्या आडोशाने समाजाचीच कच्ची मुले बाहेर ठेवायची, तर मग शाळा काढली कशासाठी?

शिवाय आपली शाळा अनुदानित आहे. व्यवस्थापन संस्थेचे असले तरी शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. ही पद्धत जुनी आहे. १८५४ च्या वूडच्या खलित्यापासून खासगी शाळांना सरकारी मदत देण्याचे धोरण आपल्या देशात चालत आले. अमेरिकेत १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने अशाच धर्तीचा कायदा केला. पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळाचा, अशा त्या शाळांना तेथे चार्टर शाळा म्हणतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर तेथे सहसा सोडत काढतात. तरीही तेथे वाद होतोच, की या शाळा चांगले शिकवतात म्हणून निकाल चांगला लागतो, की जागरूक पालकांची मुले त्यांच्याकडे जातात म्हणून? त्या देशाने एक शहाणपणाची गोष्ट मात्र केली. २००२ पासून अमलात आलेल्या कायद्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांच्या निकालांची फोड सक्तीची केली. गरीब मुलांचा निकाल किती, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांचा किती, अपंग मुलांचा किती, निरनिराळ्या वंशांच्या मुलांचा किती, हे वेगवेगळे दाखवावे लागते. सरासरीच्या चादरीखाली कोणाला झाकून ठेवता येत नाही.

दूर कशाला जावे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सातारला वसतिगृह उघडले, तेव्हा त्यात मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली, ती ज्यांच्या घरात पाटी-पुस्तक पोचलेच नव्हते त्यांच्यासाठी. या माणसांनी तयार मुले निवडून घेतली नाहीत, मुले तयार केली. शाळा ही चाळणी असते की शिडी, याचे उत्तर त्यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे.

काय करता येईल?

नुसता विरोध करून भागणार नाही. निकाल सुधारला पाहिजे, हे सूचना करणाऱ्या पालकांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. ‘मुले गरीब आहेत, काय करणार!’ असे म्हणून हात झटकणारा शिक्षक हा चाळणी लावणाऱ्याइतकाच दोषी आहे. म्हणून चार गोष्टी मी संस्थेपुढे ठेवतो.

पहिली, शाळेच्या फलकावर दोन निकाल लावावेत. एक परीक्षेतला आणि दुसरा पटावरचा. आठवीच्या हजेरीपटावर नाव असलेल्या मुलांपैकी किती जण तीन वर्षांनी दहावी पास झाले, तो पटावरचा निकाल. जी मुले दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली आणि तेथे शिकत आहेत, ती वेगळी दाखवावीत, कारण ती गळालेली नाहीत. जनरल रजिस्टरमध्ये ही सर्व माहिती असतेच, फक्त ती काढून मांडायला हवी. मुलगे किती, मुली किती, ऊसतोडीच्या घरातले किती, घरातले पहिलेच शिकणारे किती, अशी फोडही करावी. त्यात आकडे असावेत, नावे नसावीत. कोणाच्या मुलाची गरिबी भिंतीवर टांगायची नाही. आकडे मात्र खरे असावेत. पट फुगवण्याची खोड राज्यात कोठवर गेली होती, ते २०११ च्या पटपडताळणीत दिसले. फुगवलेला पट आणि फुगवलेला निकाल ही सख्खी भावंडे आहेत.

दुसरी, दसऱ्यापूर्वी स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी तयार व्हावी. मूल आजी-आजोबांकडे राहू शकते काय, हंगामी वसतिगृहाची सोय होते काय, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये आणलेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत जागा मिळते काय, हे शिक्षकांनी आणि संस्थेच्या सभासदांनी घरोघर जाऊन पाहावे. टोळी गाडीत बसल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

तिसरी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आठवीच्या प्रत्येक मुलाचे वाचन आणि मूलभूत गणित तपासावे. चाचणी जरूर घ्यावी, पण ती प्रवेश दिल्यानंतर. कोणाला काय येत नाही ते कळावे आणि त्याप्रमाणे सकाळचे जादा वर्ग लावावेत, एवढ्यासाठीच ती असावी. उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांत शास्त्र-गणिताच्या संज्ञांची वही प्रत्येक मुलाकडून लिहून घ्यावी. याला पैसा लागत नाही.

चौथी, नववीतून एकही मूल सतरा नंबरच्या फॉर्मकडे पाठवले जाणार नाही, असा ठराव संस्थेने करावा. त्याने आमचा निकाल दोन-चार टक्क्यांनी खाली आला, तर तो खाली आलेला आकडा आम्ही शिक्षक मान वर करून फलकावर लिहू.

पालकांना माझी विनंती आहे, की शाळेला नुसते ‘निकाल किती?’ असे विचारू नका, ‘किती मुलांपैकी?’ असेही विचारा. ज्यांची मुले हुशार आहेत त्यांच्या मनात भीती असते, की कच्च्या मुलांमुळे आपले मूल मागे राहील. ही भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर शाळेने दिले पाहिजे. हुशार मुलांना शिष्यवृत्तीच्या, स्पर्धा परीक्षांच्या तयारीचे मार्गदर्शन वेगळे मिळालेच पाहिजे. पण त्याचे उत्तर शेजारच्या बाकावरचा मुलगा उठवून देणे, हे नव्हे. आणि मुलीच्या पालकांना सांगतो, दहावीच्या उंबरठ्यावरून तिला परत बोलावू नका. २०११ च्या जनगणनेत निरक्षर म्हणून नोंदलेल्या ज्या स्त्रिया आहेत, त्यांच्या मुलांना आम्ही आज शिकवतो. तुमच्या मुलीची मुले आमच्याकडे येतील, तेव्हा घरी त्यांचा अभ्यास घेणारी आई असावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातला एखादा आठ दिवस दिसला नाही, तर आम्हाला येऊन सांगा. तो कोठे कामाला लागला, ते तुम्हाला आमच्या आधी कळते. आपल्याबरोबर आठवीत बसलेले सगळे दहावीला बसले पाहिजेत, एवढी जिद्द तुम्ही धरलीत, तर पटावरचा निकाल वर्ष-दोन वर्षांत बदललेला दिसेल.

संस्थेने निर्णय घेताना पटावरच्या प्रत्येक नावाचा विचार करावा, एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.